आवाजापुढची खूण

आमचा धंदा दोन माणसांचा. हे लग्नाकार्याचं शूटिंग करतात आणि ते कापून-जोडून फिल्म बनवतात. मी मागच्या खोलीत बसून क्लिपा कन्व्हर्ट करते. कॅमेऱ्यातून जे निघतं ते एडिटिंगच्या सॉफ्टवेअरला जसंच्या तसं पचत नाही. चित्र अडखळतं, आवाज पुढे पळतो, नवरदेवाचं हसणं आधी ऐकू येतं आणि तो हसतो मागाहून. म्हणून त्या क्लिपा आधी सॉफ्टवेअरला मानवेल अशा दुसऱ्या प्रकारात बदलून घ्याव्या लागतात. डोक्याचं काम नाही, बूड टेकून बसायचं आहे. फिल्म बघून लोक ह्यांचं कौतुक करतात. माझं कोणी करत नाही, आणि आता तर करूच नये.

कन्व्हर्टच्या खिडकीत 'आवाज' असं लिहिलेला एक छोटा चौकोन असतो. त्यात बरोबरची खूण असली तर आवाज येतो, नसली तर मुकं चित्र. लग्नाच्या क्लिपांना आम्ही ती खूण काढूनच टाकतो, कारण वरून गाणी घालायची असतात. नातेवाइकांची कुजबुज कोणाला ऐकायची असते? तीच सेटिंग मशीनवर कायमची ठेवून दिलेली आहे. शिवाय जागा नेहमी अपुरी, म्हणून घरचा दुसरा नियम असा की नवी क्लिप चालतेय एवढं बघायचं आणि मूळ क्लिप उडवायची. मी स्पीकर बंदच ठेवते. चित्र पळतंय म्हणजे काम झालं.

आता दादांबद्दल सांगते. दादा म्हणजे माझे थोरले दीर. कापडाचं दुकान होतं त्यांचं, आणि त्यात ते कापड कमी, गप्पा जास्त विकायचे. लेक झाली तेव्हा त्यांनी एक चंदेरी डिजिटल कॅमेरा घेतला, आणि तेव्हापासून तो त्यांच्या हाताला जणू उगवलाच होता. कुठल्याही क्लिपमध्ये दादा दिसायचे नाहीत, ऐकू मात्र अखंड यायचे. "ही बघा आमची चिमणी, पहिल्यांदाच सायकलवर, आता पडणार, पडली, उठली, शाब्बास." घरातली पोरं त्यांना भोंगा म्हणायची. मीही म्हणायचे, स्वयंपाकघरात, हळूच.

गेल्या वर्षी त्यांनी कॅमेऱ्याची सगळी कार्डं बिस्किटांच्या डब्यात घालून आणून दिली. चिमणीच्या जन्मापासून तिच्या लग्नापर्यंतचं सगळं त्यात होतं. ह्याची एक छानशी फिल्म करा म्हणाले. दारातून परत फिरून मला म्हणाले, "आवाज तेवढा ठेव हं. मी काय फुकट बोललोय का?"

मी हो म्हटलं, दुपारी कामाला बसले, आणि सवयीने लग्नाचीच सेटिंग लावली.

इथवर ती चूक होती. ह्यांना मी एवढंच सांगितलं आहे. पण निम्म्या क्लिपा झाल्यावर माझी नजर त्या रिकाम्या चौकोनावर गेली होती. मला कळलं होतं. सगळं पहिल्यापासून करायचं म्हणजे आणखी एक दुपार मोडणार, आणि बाहेर दोन लग्नांचं काम तुंबलेलं. मनात आलं, भोंगा नाही वाजला तर कोणाचं काय अडतंय, उलट फिल्म बघणारे दुवा देतील. मी एकटीच हसले. उरलेल्या क्लिपा तशाच होऊ दिल्या, नियमाप्रमाणे मूळ क्लिपा उडवल्या, कार्डं पुसून स्वच्छ केली आणि दादांना परत दिली. त्यांना पुन्हा शूटिंग करता यावं म्हणून. वर त्यांच्याकडून शाबासकीही घेतली.

फिल्म काही झाली नाही. घरचं काम म्हणजे उद्याचं काम. मग दादांचा घसा बसला तो सुटेचना. तपासण्या झाल्या, नको ते निघालं, आणि जीव वाचवायचा तर स्वरयंत्र काढावं लागेल असं डॉक्टर म्हणाले. ते काढलं. आता दादा गळ्याला पाडलेल्या भोकातून श्वास घेतात, आणि बोलायचं असेल तेव्हा मुलांच्या त्या पुसता येणाऱ्या पाटीवर लिहितात. भोंगा हे नाव घरात कोणी घेत नाही.

चिमणीला सातवा महिना लागला तेव्हा तिचा मला फोन आला. म्हणाली, "काकू, बाळाला आजोबांचा आवाज ऐकवायचाय. माझ्या फोनमध्ये त्यांचं नुसतं हॅलो आहे गं. तुमच्याकडे मात्र सगळं आहे, नाही का?"

मी हो म्हटलं. उचलली जीभ लावली टाळ्याला.

मग ह्यांना सांगितलं. चुकून झालं म्हणाले मी. ह्यांनी कानाला हेडफोन लावून एकेक क्लिप उघडली. नंतर पुसलेल्या फायली परत आणणारी जेवढी सॉफ्टवेअरं माहीत होती तेवढी चालवली, पण त्या डिस्कवर तोवर वर्षभराची लग्नं चढून बसली होती. ह्यांनी हेडफोन काढून ठेवले आणि मला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

रविवारी सगळे आमच्याकडे आले: दादा, जाऊबाई, चिमणी. दादांच्या हातात कॅमेरा होता, सवयीप्रमाणे चालू. ह्यांनी एक क्लिप लावली. चिमणी सायकलवरून पडली, उठली, आणि शाब्बास काही आलं नाही. चिमणी म्हणाली, काका, आवाज वाढव की. ह्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. म्हणाले, "दादा, तुझ्या कॅमेऱ्याचा माईकच गेलेला होता. एकाही क्लिपला आवाज आलेला नाही."

मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. मला वाचवण्यासाठी नवरा सख्ख्या भावाशी खोटं बोलला आणि मी मूग गिळून उभी राहिले.

जाऊबाई म्हणाल्या, तरी मी कधीची सांगत होते नवीन घ्या म्हणून. चिमणीने पोटावर हात ठेवला. दादांनी कॅमेरा मांडीवर घेतला, बंद केला, त्याच्या माईकची जाळी अंगठ्याने पुसली. मग पाटी ओढून लिहिलं, आणि ती लेकीकडे फिरवली. लिहिलं होतं: माझीच चूक. वेळच्या वेळी तपासायला हवा होता.

त्या दिवसापासून मला घास गोड लागला नाही. खाई त्याला खवखवे म्हणतात, पण इथे खाल्लं मी आणि खवखव दुसऱ्याच्या गळ्यात. बरं, त्या गळ्यात आता आवाजही नाही. ह्यांना म्हटलं, खरं सांगून टाकू या. हे म्हणाले, "झाकली मूठ राहू दे. आवाज तर परत येत नाही. मग निदान तुझ्या-माझ्याविषयी तरी कशाला वाईट वाटायला लावायचं?" बोलणं पटण्यासारखं होतं. फक्त ती पाटी डोळ्यांपुढून हलत नव्हती.

मग एका दुपारी चिमणी एक कार्ड देऊन गेली. दादांनी ऑपरेशननंतर काढलेलं थोडंफार आहे, कन्व्हर्ट करून दे, बाळासाठी ठेवीन म्हणाली. त्या कॅमेऱ्यावर आवाज ऐकायची सोयच नाही, आणि आवाज नाही असं सगळ्यांनी गृहीतच धरलेलं, त्यामुळे ऐकायचा प्रश्न कोणाला पडला नव्हता. जाता जाता म्हणाली, आवाजाचं काही बघू नकोस, आता काय.

मी कार्ड लावलं. पहिलीच क्लिप आमच्या दिवाणखान्याची होती. स्पीकर चालू केला, का ते माहीत नाही. चोराच्या मनात चांदणं असेल.

"दादा, तुझ्या कॅमेऱ्याचा माईकच गेलेला होता."

शब्द न् शब्द स्वच्छ. त्यामागे कपांची किणकिण, ती माझ्या हातातल्या ट्रेची. कडेला, दाराच्या चौकटीत, मी उभी होते, मान खाली घालून, आपण काय केलंय ते पक्कं ठाऊक असलेल्या बाईसारखी. आणि या सगळ्याच्या अलीकडे, अगदी माईकजवळ, दादांचा श्वास. घरघर करत येणारा-जाणारा. "एकाही क्लिपला आवाज आलेला नाही" हे शब्द आले तेव्हा तो थांबला. केवढा वेळ थांबला होता. मग पुन्हा सुरू झाला.

मी खूप रडले. रडून झाल्यावर डोळे पुसले तर समोर तीच खिडकी, तोच चौकोन. मशीनवर लग्नाचीच सेटिंग होती, त्यामुळे खूण आपसूक गेलेली. मला वेगळं काही करावंच लागणार नव्हतं. नुसतं 'सुरू करा' दाबायचं, मग कार्ड पुसायचं, आणि चिमणीनेच तर सांगितलं होतं आवाजाचं बघू नकोस. खोटं कशाला सांगू, मला कळत नव्हतं असं नाही. मागच्या खेपेलाही कळलं होतंच.

मी खूण केली. क्लिप झाली ती स्पीकर मोठा करून पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली. मूळ क्लिप उडवली नाही. ह्यांना न सांगता लॅपटॉप पिशवीत घालून दादांच्या घरी गेले.

दादा खिडकीशी बसले होते, जाऊबाई भाजी निवडत होत्या, चिमणी पाय वर घेऊन पडली होती. मी लॅपटॉप स्टुलावर ठेवला आणि क्लिप लावली. ह्यांचा आवाज खोलीभर झाला. जाऊबाईंचे हात थांबले. चिमणी उठून बसली. आधी तिने कॅमेऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि तिला सगळं समजलं.

"म्हणजे होता," ती म्हणाली. "बाबांचा आवाज होता."

"होता," मी म्हटलं. "मी काढला."

ती भिंतीला धरून आत गेली आणि दार लावून घेतलं. जाऊबाई तिच्यामागे गेल्या. मला वाटलं दादा पाटी घेतील. नाही घेतली. त्यांनी शेजारचा कॅमेरा उचलला, डोळ्याला लावला, आणि लाल दिवा लागला. मग पूर्वी "हं, बोला, इकडे बघा" म्हणताना हलवायचे तसं बोट माझ्याकडे हलवलं.

मी कॅमेऱ्याकडे बघून बोलले. ह्यांचा दोष नाही, हे फक्त माझ्यासाठी खोटं बोलले, हे सांगितलं. लग्नाची सेटिंग, बंद स्पीकर, पुसलेली कार्डं, सगळं सांगितलं. आणि मग जे ह्यांनाही सांगितलं नव्हतं ते सांगितलं, की निम्म्यावर मला कळलं होतं, मी थांबू शकत होते, आणि भोंगा नाही वाजला तर बरंच म्हणून मी हसले होते. भोंगा हा शब्द त्यांच्या तोंडावर म्हटला. समोरून फक्त श्वास ऐकू येत होता. एकदाही तो थांबला नाही.

माझं बोलणं संपलं तसा लाल दिवा विझला. दादांनी कॅमेऱ्यातून कार्ड काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. माझा हात सोडला नाही. दुसऱ्या हाताने पाटी मांडीवर ओढून, जरा वाकड्या अक्षरांत लिहिलं:

हे पण कन्व्हर्ट कर. आवाज ठेव.