मी भट्टीवरची घुमणारी नळी

मी बेकरीतली गॅसची नळी बोलतेय. सरळ बोलते, राग आला तर येऊ द्या.

पूर्वी माझ्या टोकाला दुसरी भट्टी होती. ती विकली, मला बूच मारलं आणि विसरले. माणसांची ही खोडच. माझं दुसरं तोंड भट्टीकडे जाणाऱ्या मोठ्या पाइपात उघडं होतं. त्यातून गॅस जोरात निघाला की माझ्या तोंडावरून घासत जायचा. बाटलीच्या तोंडावर फुंकल्यावर बाटली घुमते ना, तशी मी घुमायचे. भट्टी तापली की ज्वाला आपोआप बारीक व्हायची, गॅस मंदावायचा आणि मी गप्प.

बेकरी दोघी जावांची. थोरलीला हल्ली भट्टीची उष्णता दाखवणाऱ्या काट्यावरचे आकडे दिसत नव्हते. मी गप्प झाले की ती पाव आत घालायची. दिसत नाही म्हटलं तर भट्टीपुढून उठवतील, ही तिला धास्ती. म्हणून कुणाला बोलली नाही.

पण घुमताना मी बुडापासून थरथरायचे. माझा जोड उलत चालला होता. मी ओरडत होते आणि ह्यांना ते गाणं वाटत होतं!

एका सकाळी धाकटीला वास आला. तिनं भट्टी विझवली, खिडक्या उघडल्या, फिटरला बोलावलं. त्यानं जोडाला साबणाचा फेस लावला. टम्म बुडबुडा फुगला.

"भेग आहे. ही नळी काढायलाच हवी."

"पट्टी आवळा आणि चालू पडा," थोरली कडाडली.

"आवळून घुमणं थांबत नाही, बाई. भेग वाढेल."

"ताई, नळीवर एवढा जीव? माहेरहून आणलीत की काय?" धाकटी म्हणाली.

मला कापलं, भोक बुजवलं, मागच्या दाराशी टेकवून ठेवलं. तिथून सगळं दिसतं.

दुसऱ्या दिवशी थोरलीनं अंदाजानं पाव घातले. पांढरेफटक निघाले. पुढच्या खेपेला तिनं ट्रे उचलला, परत ठेवला.

"काटा कुठं आलाय गं?"

"अहो, समोर तर..." धाकटी थबकली. मग हळूच म्हणाली, "थोडा बाकी आहे. आला की सांगते."

"आणि मला उठवणार?"

"उठवून पाव कोण घालेल? मला पीठ मळता मळता नाकी नऊ येतात. उद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे चला."

"आधी पाव."

मी आता भंगारात जाणार. जाईन. लोखंड धड आहे, वितळून काहीतरी कामाची होईन. तुमच्याकडे एखादी नळी घुमायला लागली तर कौतुक करत बसू नका, जोड तपासून घ्या.

थांबा, आत धाकटी ओरडतेय.

"आला, ताई! घाला!"