दगड व्हायचा खेळ

बारक्याचे पाय ट्रॉलीत मावेनासे झाले, तेव्हा त्याच्या आईने बालकेंद्राचं दार गाठलं. त्याआधी गाठलं नाही, कारण त्याआधी पाय मावत होते.

ट्रॉली हॉटेलातली. खोल्या साफ करणाऱ्या बायका पॅसेजमधून ढकलत नेतात ती. वर साबणाच्या वड्या, धुतलेले टॉवेल, कागदाची भेंडोळी. खाली एका बाजूला मळक्या चादरींची मोठी कापडी पिशवी. त्या पिशवीच्या तळाशी बारक्या बसायचा. दोन वर्षांचा होता तेव्हापासून. आता साडेतीनचा झाला होता. घरी ठेवायची सोय नव्हती. बाप रात्रपाळीचा पहारेकरी, सकाळी येऊन पडायचा तो संध्याकाळीच उठायचा. एकदा ठेवून पाहिलं होतं त्याच्याजवळ. बाप घोरत राहिला आणि पोरगं दार ढकलून थेट चौकात गेलं. भाजीवालीने ओळखलं आणि काखोटीला मारून आणून दिलं. पैसे देऊन सांभाळणारी बाई ठेवली असती, तर हिने राबायचं ते त्या बाईला पोसायला.

म्हणून मग खेळ. ट्रॉलीच्या दांडीवर आईने बोटांच्या पेरांनी टकटक केलं, की दगड व्हायचं. हलायचं नाही, बोलायचं नाही, खोकला आला तर चादर तोंडात धरायची. आईने पाठीवर थाप मारून "सुटला दगड" म्हटलं, की सुटायचं. त्या मजल्याचा सुपरवायझर टाचा वाजवत चालायचा. बायका त्याला बुटवाला म्हणत. बूट ऐकू आले की टकटक. बूट लिफ्टमध्ये शिरले की थाप.

जोडीला काम करणारी मावशी होती. पिशवीवर टॉवेल पसरून द्यायचं काम तिचं.

"बारक्याची आई, तुझं पोरगं मंत्री होणार बघ."

"का हो मावशी?"

"नाकासमोर काहीही होऊ दे, ढिम्म हलत नाही."

दोघी हसल्या. आवाज न करता. त्या मजल्यावर हसायची तीच रीत होती.

मग एक दिवस पिशवीच्या कापडातून गुडघा वर आला. समोरून एक पाहुणा चालला होता. त्याने पाहिलं नाही. मळक्या चादरींकडे बघायची हौस पाहुण्यांना नसते. पण मावशीने पाहिलं.

"आज गुडघा दिसला. उद्या डोकं दिसेल," ती म्हणाली. "त्या पाण्याच्या टाकीमागे केंद्र आहे ना, तिथे घाल. फुकट घेतात. दिवसभर ठेवतात."

दिवसभर ठेवत होते, पण फक्त कामावर जाणाऱ्या बायकांची मुलं. बाकीच्यांना सकाळचे दोन तास. आणि पहिला महिना फक्त बघणार, मूल रुळलं तर जागा पक्की. आईने सगळ्याला मान हलवली. दिवसभराची जागा मिळाली नाही तर काय, याचा विचार करायचा होता, तो तिने केला नाही. करून काही निघालं नसतं.

केंद्र चांगलं होतं. हे सांगायलाच हवं, कारण गरिबांसाठीचं सगळं घाणच असतं असं नाही. बुटक्या खुर्च्या, बुटकी बेसिनं, प्रत्येकाच्या खुंटीवर एकेक प्राण्याचं चित्र. बारक्याच्या खुंटीवर कासव. पोरं रस्त्यावर पळू नयेत म्हणून दाराला आतून कडी. बेल बिघडलेली. आई रोज सकाळी दार वाजवायची, केंद्रातल्या बाई कडी काढायच्या, बारक्या आत जायचा, आई कामाला पळायची. संध्याकाळी न्यायला आली की सवयीने त्याच्या पाठीवर थाप मारायची, "सुटला दगड" म्हणायची. मग घरापर्यंत रस्ताभर त्याची टकळी.

पहिल्या आठवड्यात बाई खूश. बाकीची पोरं भोकाड पसरत, दाराला लाथा मारत, बाईंच्या साडीला शेंबूड पुसत. बारक्या बसवला तिथे बसलेला.

"किती गुणी आहे हो तुमचा!"

दुसऱ्या आठवड्यात बाईंचा सूर बदलला. हातात ठोकळा दिला की तो ठोकळा धरून बसतो. सोडतही नाही, लावतही नाही. दिवसभर सू म्हणून सांगत नाही. एका दांडगट पोराने मागून ढकललं, कपाळ फरशीवर आपटलं, टेंगूळ आलं, तरी तोंडातून आवाज नाही.

"घरी बोलतो का?" बाईंनी विचारलं.

"बोलतो की. कान किटतात."

बाईंनी मान हलवली. सगळ्या आया असंच सांगतात, अशी ती मान होती.

आईच्या सुट्टीच्या दिवशी केंद्रातल्या ताई घरी आल्या. घरोघर जाऊन आयांशी बोलायचं, कुटुंबाला आधार द्यायचा, हे त्यांचं काम. वस्तीत त्यांना कुटुंबताई म्हणत. घरात एक खोली, एक खाट आणि खाटेवर बाप झोपलेला. कुटुंबताई त्याच्या पायाशी टेकल्या आणि कुजबुजत बोलायला लागल्या.

"तुम्ही त्याच्याशी बोलता का?"

"बोलते."

"गोष्टी वगैरे?"

"सांगते, आठवेल तशा."

"रोज थोडा वेळ काढा. जमिनीवर बसून त्याच्याबरोबर खेळा. खेळातून मूल उघडतं."

"खेळतो की आम्ही."

"अरे वा! कुठला खेळ?"

बाप कुशीवर वळला. "कोण आलंय गं?"

"कुणी नाही. झोपा तुम्ही."

कुटुंबताईंनी आणखी खालच्या पट्टीत सांगितलं. महिना संपताना तपासणीच्या मॅडम येणार होत्या. मूल मागे आहे असं त्या म्हणाल्या, तर त्याला खास शाळा. ती शहराच्या पार त्या टोकाला, तीही दोन तासांची.

"आणि इथली जागा?"

"इथली दुसऱ्याला द्यावी लागेल. रांग आहे हो मोठी."

खरं सांगता आलं असतं. ट्रॉली, पिशवी, बूट, सगळं. पण पोराला मळक्या चादरींत लपवणाऱ्या आईचं पोर काढून नेतात, असं तिने ऐकलं होतं. आणि हॉटेल काय करतं ते ऐकायची गरज नव्हती. तिने ताईंना दारापर्यंत सोडलं आणि चादरीची घडी घालावी तशी ती गोष्ट आत घालून टाकली.

संध्याकाळी ती बारक्याला टाकीमागच्या मोकळ्या मैदानात घेऊन गेली. आजूबाजूला कुणी नव्हतं.

"बारक्या, ओरड."

"कशाला?"

"असंच. मोठ्याने. केंद्रात पण असंच बोलायचं."

"कसं?"

तिने दाखवायला तोंड उघडलं. आवाज निघाला नाही. पुन्हा श्वास घेतला. गंजलेल्या बिजागरीसारखं काहीतरी करकरलं आणि थांबलं. हॉटेलात कुजबुज, घरी नवरा झोपलेला म्हणून कुजबुज. आपण शेवटचं ओरडलो कधी, ते तिला आठवेना. बारक्या तिच्या तोंडाकडे बघत होता. त्याने हळूच आपलं बोट वर उचललं आणि तिच्या ओठांवर ठेवलं.

दोघं घरी आली.

तपासणीच्या दिवशी आईने मावशीकडे आपल्या खोल्या सोपवून अर्धा दिवस मागून घेतला. केंद्राचं दार सताड उघडं होतं. मॅडमचं सामान आत जात होतं, पेटारा, ठोकळे, चित्रांचे पुठ्ठे. दोघं तशीच आत गेली. मॅडमनी आईला भिंतीकडेच्या खुर्चीवर बसवलं. "मध्ये बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत." कुटुंबताई दुसऱ्या कोपऱ्यात उभ्या. बाईंनी दाराला कडी घातली.

मॅडमनी ठोकळे मांडले. बारक्याने एक उचलला. मग दुसरा, त्याच्यावर. तिसरा ठेवताना त्याची जीभ ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर आली होती. बाई बघतच राहिल्या. मॅडमनी चित्र पुढे केलं.

"हा कोण?"

"कुत्..." बारक्या म्हणाला.

तेवढ्यात बाहेरून कुणीतरी दार वाजवलं. टकटक.

बारक्याचं तोंड मिटलं. हात ठोकळ्यावर होता तो तिथेच राहिला. गुडघे पोटाशी आले, मान खाली गेली. श्वाससुद्धा दिसेना.

बाईंनी दार उघडलं. दूधवाला होता. त्याने पिशव्या दिल्या आणि गेला.

"बघितलंत?" बाई मॅडमना म्हणाल्या. "असा मध्येच बंद पडतो."

मॅडम चित्रं बदलत राहिल्या. मांजर. चेंडू. बस. समोर दगड होता.

खुर्चीवर बसलेली आई दाराकडे बघत राहिली. रोज सकाळी हे दार तिनेच वाजवलं होतं. बोटांच्या पेरांनी, टकटक. रोज त्याला दगड करून आत पाठवलं होतं, आणि संध्याकाळी येऊन सोडवलं होतं. महिनाभर हे पोरगं बुटक्या खुर्चीवर बसून खेळ खेळत होतं. आणि एकदाही हरलं नव्हतं.

मॅडमनी पुठ्ठे गोळा करायला घेतले.

आई उठली. "अहो, मध्ये नाही यायचं," मॅडम म्हणाल्या. ती गेलीच. वाकून तिने पोराच्या पाठीवर थाप मारली. "सुटला दगड."

बारक्याने मोठा श्वास सोडला. मान वर केली आणि खणखणीत आवाजात विचारलं, "बुटवाला गेला?"

मॅडमचा चेहरा उजळला. "कोण रे बुटवाला?"

आईला त्याचं तोंड दाबता आलं असतं. टकटक करता आलं असतं. पण आत्ताच तर तिने त्याला सोडवलं होतं.

"तो बूट वाजवतो," बारक्या म्हणाला. "मग आपण पिशवीत जायचं. पाय असे करायचे. चादरी ओल्या असतात. मावशी वरून टॉवेल टाकते. मला खोकला आला, तर मी चादर खाल्ली. मी बोललोच नाही. आणि सू पण नाही केली, आईला विचारा. आणि तो कुत्रा आहे, पण त्याचं शेपूट कुठंय?"

चित्रातल्या कुत्र्याची शेपटी खरंच कडेला कापली गेली होती. मॅडमनी पुठ्ठा उलटसुलट करून पाहिला आणि हसल्या. "वयाच्या मानाने वाक्यं चांगली लांब आहेत. निरीक्षण तर उत्तम. याला काही झालेलं नाही. राहू दे इथेच."

जागा पक्की झाली. कुटुंबताई मात्र हसत नव्हत्या.

त्यांनी आईला बुटक्या बेसिनांपाशी बाजूला घेतलं. "मला का नाही सांगितलंत?"

"काय सांगू?"

"तुमच्या मुलाला कुणी नेणार नाही. मी आहे ना." त्यांनी आईचा हात दोन्ही हातांत धरला. त्या मनापासून बोलत होत्या. हे लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं मनापासूनच झालं.

दुसऱ्या दिवशी कुटुंबताई हॉटेलात गेल्या आणि मॅनेजरला भेटल्या. कामावरच्या बायकांना लहान मुलं असतात, त्यांच्यासाठी इथेच एखादी खोली द्या, चटई टाका, खेळणी आम्ही आणू. मॅनेजरने चहा मागवला. सगळं ऐकून घेतलं. बिचारी, बिचारी म्हणत मान हलवली. अशी गोष्ट आपल्याला ठाऊकच नव्हती, म्हणाला. कुठल्या मजल्यावर, हेही विचारून घेतलं. काचेच्या दारापर्यंत पोचवायला आला.

संध्याकाळी बुटवाल्याने आईकडून एप्रन काढून घेतला. मावशीची बदली तळघरात झाली, धुलाईच्या मशीनवर, जिथे आपलाच आवाज आपल्याला ऐकू येत नाही.

कुटुंबताई धावत घरी आल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. "मी फक्त बोलायला गेले होते हो. चांगल्यासाठीच."

आईने त्यांना पाणी दिलं. त्या रडत होत्या आणि आई ग्लास रिकामा व्हायची वाट बघत उभी होती, कारण घरात ग्लास दोनच होते आणि दुसऱ्यात बारक्याचं दूध होतं.

पुढच्या सोमवारी बाईंनी सांगितलं, दिवसभराची जागा कामावरच्या बायकांच्या मुलांची. काम सुटलं म्हणजे सकाळचे दोन तास.

"दोन तासांत मी काम कुठे शोधू?"

"मी समजू शकते. पण नियम मी नाही केलेला."

खरं होतं ते. मॅनेजरने केला नव्हता, मॅडमनी केला नव्हता, ताईंनी तर नव्हताच नव्हता. आईने पोराला आत सोडलं आणि बंद दारासमोर पायरीवर बसली. बेल तेवढी दुरुस्त झाली होती.

आता दुपारी बारक्या घरी असतो. रिकाम्या खोक्यांचं हॉटेल करतो, त्याला लिफ्ट लावतो आणि सगळ्या पाहुण्यांच्या वतीने एकटाच बोलतो. भरपूर आणि मोठ्याने.

एका दुपारी असाच खेळ चालला होता. बाप खाटेवर तळमळला. "अगं, गप्प कर ना त्याला. रात्रभर उभा होतो मी."

"बारक्या, हळू."

बारक्याचा पाचवा मजला कोसळला. तो टाळ्या पिटत ओरडला.

"अगं!"

आईचा हात खाटेच्या लोखंडी पायाकडे गेला. तिने नेला नाही, तो गेला. पेरांनी टकटक झालं.

बारक्या थांबला. खोकं हातात तसंच. आईने डोळे मिटले.

"आई," तो म्हणाला, "कुणीतरी आलंय. दार उघड ना."

तिने डोळे उघडले. तो दाराकडे बघत होता, हात हलत होते, पाय हलत होते.

ती उठली. कडी काढून तिने दार उघडलं. गल्लीत ऊन होतं आणि एक उलटी पडलेली बादली होती.

"कोण आहे?" पोरगं आतून ओरडलं. बापाने उशी डोक्यावर घेतली.

"कुणी नाही."

"नीट बघ ना!"

ती कडी धरून उभी राहिली आणि नीट बघत राहिली.