तिसरी हाक

कपाच्या कानाला गुंडाळलेला गोधडीचा दोरा चहाने तपकिरी झाला होता आणि तात्यांचं बोट नेमकं त्याच्यावर टेकलं होतं. कान तडकल्याला वर्षं झाली होती; हा कप टाकून द्या, असं गोदू दर दिवाळीला म्हणायची आणि तात्या दर दिवाळीला नवा दोरा गुंडाळायचे. आषाढातला बुधवार. तात्या ओसरीवर, पायाशी छत्री वाळत पडलेली, आणि थोड्या वेळापूर्वी त्यांनी नेहमीसारख्या तीन हाका मारून चहा मागितला होता. पहिल्या दोन हाकांना तिने ओ दिली नव्हती. तिसरीला दिली. चौतीस वर्षांची बाई, पंधरा वर्षांपूर्वी नवरा जाऊन माहेरी आलेली, अलिबागेत मुलींना शिकवणारी... आणि हा खेळ अजून चालूच.

“तीन झाल्या,” तात्या कप घेत म्हणाले, “माणूसच आहे मी.”

खेळ सागरगडाच्या वाटेवरून घरी आलेला. त्या वाटेवर आवडाबाईचं चहाचं दुकान, आणि तिथे खुंटीला ह्या कपाचा जोडीदार टांगलेला. महिन्यातून एकदा तात्या त्यातून चहा प्यायला चढून जात. दुकान घळीच्या पलीकडे. अलीकडून हाक मारायची, म्हणजे घळ उतरून चढेपर्यंत आधण उकळतं. पण तिसऱ्या हाकेशिवाय आवडाबाई चूल पेटवत नाही—तिच्या सासऱ्यापासूनची रीत. धुक्यात पहिल्या दोन हाका कुणाच्याही असू शकतात, तिसरी माणसाचीच. तात्या शाळामास्तर, असल्या गोष्टींवर हसणारे. पण सहा वर्षांच्या गोदूला त्यांनी ही गोष्ट सांगितली आणि दुसऱ्या दिवसापासून घरातही तीन हाका सुरू झाल्या.

पाऊस उघडला की रविवारी वर येतेस का, असं त्यांनी त्या बुधवारी विचारलं. ती म्हणाली, बघू. पुस्तकातून मान वर न काढता म्हणाली. लायब्ररीचं पुस्तक, दोन दिवसांत परत करायचं होतं... आठवायला गेलं तर त्या दिवसात एवढंच आहे.

आता भाद्रपद. तेरड्याच्या गुलाबी फुलांमधून वाट वर चढत होती आणि गोदूच्या पिशवीत, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेला, तोच दोऱ्याचा कप होता. तो का घेतला हे तिला नीट सांगता आलं नसतं. वर कुणी कळवलेलं नाही, आपण जाऊन सांगायला हवं, आणि खुंटीवरचा कप घेऊन यायला हवं—घरातून निघताना तिने स्वतःला एवढंच सांगितलं होतं. पायथ्याच्या खंडाळे गावापासून केसर सोबतीला होती. दुकानाला दूध पोचवणारी, डोक्यावर कळशी, अनवाणी, आणि दर वळणावर थांबून मागे बघणारी. बाईंच्या वहाणा गड चढायच्या न्हाईत, गादीवर चालायच्या हायत, असं ती पहिल्याच चढाला म्हणाली होती. दुसऱ्या चढाला म्हणाली, तुमचं तात्या म्हातारं होतं पर माज्या आधी पोचायचं. मग तिच्या लक्षात आलं असावं, कारण तिने कळशी उगाच सारखी केली. खाली गावात बातमी होती. वर मी काय बोलले न्हाय, ती हळू म्हणाली, तुमचं तुमी सांगा.

माझं मी सांगायचं. काय सांगायचं?

त्या बुधवारनंतरच्या गुरुवारची सकाळ. ती मागच्या पडवीत, दाराच्या चौकटीला पाठ टेकून, शेवटची अकरा पानं उरलेली. आतून हाक आली. गोदू... तिने पान उलटलं. दुसरी हाक आली—जरा खालच्या पट्टीत, पण खेळात आवाज असे बदलायचेच, तात्या कधी खर्जात हाक मारायचे, कधी नाटकातल्या राणीसारखी. ती हसली. हे तिला सगळ्यांत स्पष्ट आठवतं: आपण हसलो. बोट ओळीवर ठेवून ती तिसरीची वाट पाहत राहिली, मग वाट पाहत वाचत राहिली, मग नुसतीच वाचत राहिली. पुस्तक संपवून आत गेली तेव्हा तात्यांचा एक हात खाटेखाली लोंबत होता, दाराच्या दिशेने.

आणि मग तिने जे केलं ते तिला स्वतःलाच एखाद्या परक्या बाईचं वाटतं. तिने रडून कुणाला बोलावलं नाही. घागर उचलली, विहिरीवर गेली, रहाट ओढून घागर भरली, काठोकाठ, पदर भिजेपर्यंत. ती चुलीपाशी आणून ठेवली आणि त्यानंतर शेजारच्या कृष्णाबाईंना हाक मारली. एकच हाक. त्या धावत आल्या. मी विहिरीवर होते, गोदू म्हणाली. डॉक्टरांना म्हणाली, मुंबईहून आलेल्या भावाला म्हणाली, तेराव्यापर्यंत येईल त्याला म्हणाली, आणि पदर खरोखरच ओला होता. त्यांनी हाक मारली असेल गं, तू नव्हतीस ना, तुझा काय दोष... सगळे असंच म्हणायचे. ते पाणी तिने प्यायलं नाही. दोन दिवसांनी तुळशीला घातलं.

घळीपाशी पोचल्यावर केसरने तीन हाका मारल्या. आवडे, आवडे, आवडे. पलीकडे धुक्याने नुसतं पांढरं होतं. त्यातून कोयता दगडावर आपटल्याचा आवाज आला. चूल पेटली, केसर म्हणाली, आता उतरा बेगीनं.

कधीकाळी हवा खायला येणाऱ्या एका साहेबाचा बंगला इथे होता. त्याचं जोतं आणि मुदपाकखाना तेवढा उरलेला. आवडाबाईचा सासरा खानसाम्याच्या हाताखाली चहा शिकला, साहेब गेले, चहा राहिला. भिंती साठ वर्षांच्या धुराने काळ्याभोर. गोदू पहिल्यांदाच आत येत होती आणि तरी तिला खुंटी कुठे असेल ते ठाऊक होतं. कप तिथे होता. पालथा टांगलेला नव्हता, सरळ होता—आणि स्वच्छ पुसलेला.

आवडाबाईने तिला निरखून पाहिलं. मास्तरांची लेक, ती म्हणाली, नाक त्येंचंच हाय, सांगायला नगं. मग केसरकडून दूध घेतलं आणि ते पातळ असल्याबद्दल तिची म्हैस पोहायला जाते का असं विचारलं. केसर हसली, कळशी उपडी करून निथळत ठेवली आणि परत निघाली. तिच्या पावलांचा आवाज धुक्यात लगेच संपला.

सांगायचं होतं. गोदूने तोंड उघडलं, पण आवडाबाईच आधी बोलली, चुलीकडे बघत.

“मास्तरांना सांग, रागावू नका म्हनावं.”

“कशाला रागावतील?”

“सरावनात दोनदा आलं की. पल्याडनं हाक मारली. दोनच. मी बसून ऱ्हायले, तिसरी येल म्हनून. न्हाय आली. मग काय चहा ठेवायचा? आवाज त्येंचाच, पर रीत ती रीत.”

श्रावणात. गोदूने मनात महिने मोजले, पुन्हा मोजले. मुलींना शिकवतात तसे बोटांवर. तात्यांना जाऊन तेव्हा महिना उलटला होता. घळीत आवाज फिरतो, लाकूडतोडे एकमेकांना हाका मारतात, म्हाताऱ्या माणसाला वारही आठवत नाहीत... ती वाचणारी बाई होती, अशा गोष्टींची उत्तरं तिच्याकडे होती. तिने ती एकामागून एक मांडली आणि ती सगळी बरोबर होती, आणि तिच्या मानेवरचा घाम थंड पडत गेला.

“आवडाबाई, तात्या गेले. आषाढातच.”

आवडाबाईने फुंकणी खाली ठेवली. मग तिने उठून खुंटीवरचा कप काढला, पदराने पुन्हा पुसला आणि गोदूच्या पुढ्यात ठेवला. गोदूने पिशवीतून दुसरा काढला. दोन कप शेजारी शेजारी. एकाचा कान धड, एकाचा दोऱ्याने बांधलेला. आवडाबाईने दोन्हींत चहा ओतला.

“गेले तवा तू जवळ व्हतीस?”

मी विहिरीवर... वाक्य तयार होतं. सव्वा दोन महिने वापरून गुळगुळीत झालेलं. ते जिभेवर आलं आणि त्याच वेळी घळीपलीकडून हाक आली. लांबट, ओली, शब्द न कळणारी. कुणी कुणालाही मारावी तशी. आवडाबाईचा हात कपावर थांबला. दुसरी आली, जरा खालच्या पट्टीत.

“दोन,” आवडाबाई पुटपुटली, आणि बोट ओठांवर ठेवून तिने गोदूला बस म्हणून खुणावलं.

लाकूडतोड्या असेल. केसर काही विसरली असेल. तिसरी आता येईल, येऊ दे, आली म्हणजे माणूसच... दोऱ्याच्या कपातून वाफ वर जात होती आणि तिची बोटं, पुस्तकातल्या ओळीवर ठेवावीत तशी, जोत्याच्या दगडावर टेकलेली होती. आपण पुन्हा वाट पाहतो आहोत, हे तिच्या लक्षात आलं.

ती उठली. दाराबाहेर, जोतं संपतं तिथे, पांढऱ्याच्या अगदी काठाशी जाऊन उभी राहिली. मागून आवडाबाई काहीतरी म्हणाली, ओ देऊ नगं असंच काहीसं. भीती होतीच, पण ती आता तिला धरून ठेवत नव्हती.

“ओ,” मी म्हणाले. “तात्या, मी विहिरीवर नव्हते. दारातच होते. दोन्ही हाका ऐकल्या मी.”