दर पाचवं दार

पावलं दारापाशी आली, थबकली आणि पुढे गेली. शेजारच्या राममूर्तीच्या दाराची कडी वाजली तेव्हा कृष्णवेणीचा कानांवर विश्वास बसेना. सकाळी उठून तिने ठेवणीतली निळी साडी नेसली होती, कॉफीसाठी जास्तीचं दूध घेतलं होतं, आणि मुलं तिचंच घर सोडून जातात म्हणजे काय!

पोंगल झाला की शहरातल्या एका कॉलेजची बस अंबत्तूरपलीकडच्या या वसाहतीत दर वर्षी यायची. नगररचना शिकणारी मुलं. घरांचे नकाशे काढता येत होते, आता घरातल्या माणसांशी बोलायला शिकायचं होतं. म्हणजे अभ्यास त्यांचा आणि पाटी इकडची. नदीकाठची घरं उठवून इथे आणून टाकलेल्या लोकांवर दर वर्षी नवी तुकडी हात बसवून घ्यायची. लोक वैतागले होते. "तेच प्रश्न, तीच उत्तरं, पुढे काय?" म्हणत बरेच जण कडी लावून घ्यायचे.

कृष्णवेणी मात्र वाट बघायची. इथे आल्यावर पहिल्याच वर्षी ती जिन्यावरून पडली, खुब्याचं हाड मोडलं आणि वाकडं जुळलं. तेव्हापासून ती तिसऱ्या मजल्यावर आणि जमीन खाली. काठी धरून स्वयंपाकघरापर्यंत जाता यायचं, जिना नाही. लिफ्ट कुठली असणार इथे! नवरा गुरुमूर्ती कंपनीत गणवेश शिवायला पहाटे जायचा तो रात्रीच उगवायचा. उरल्या चार भिंती, सरकारने फुकट वाटलेला टीव्ही आणि ग्रिलमधून दिसणारी समोरच्या इमारतीची पाठ. बाई वेडी झाली नाही हेच नवल.

गेल्या वर्षी एका मुलीने तिला विचारलं होतं, "इथे काय बदलायला हवं, अम्मा?" आणि या शहाणीने सांगितलं होतं, "सगळं बेस आहे." तंजावरकडच्या मराठी घराचं वळण ते, दारी आलेल्यापुढे घरचं उणं काढायचं नाही, आधी कॉफी, मग सगळं कुशल. मुलगी आभार मानून गेली आणि कृष्णवेणीने कपाळावर हात मारून घेतला. सांगायचं एकच होतं, मला खाली उतरवा, तळमजल्यावर खोली द्या. वर्षभर ते वाक्य तिने तोंडात घोळवलं होतं.

काठी टेकत ती दारात आली. आधी तमिळमध्ये हाक मारली आणि घाईघाईत पुढे मराठीच बाहेर पडलं. "अय्यो, आमचं घर कशाला म्हणून सोडूलीस? आत ये की!"

मुलगी गर्रकन वळली. "मावशी, तुम्ही मराठी?"

ती नाशिकची तनया. बरोबरचा उंच मुलगा सिद्धार्थ. तमिळमधले चार प्रश्न पाठ करून आलेल्या त्या पोरीला मराठी ऐकून माहेरी आल्यासारखं झालं. राममूर्तीकडे कुणी दार उघडेना, तेव्हा दोघं आत येऊन बसली.

"यंदा सरांनी नमुना निवडायला शिकवलंय, मावशी," कॉफी घेता घेता तनया म्हणाली. "दर पाचवं दार घ्यायचं. तुमचं चौथं येतं."

"मग चौथ्याने बोलू नये?"

"तसं नाही हो. पण मनाने घरं निवडली की चित्र चुकतं. गेल्या वर्षी सापडेल त्याला विचारलं, तर या इमारतीत सगळेच सुखी निघाले!"

कृष्णवेणीने मान खाली घातली. त्या सुखात तिचाही वाटा होता.

"तुमचं उत्तर मोजता नाही येणार," तनया हळूच म्हणाली, "पण मला सांगा ना."

तिने सांगितलं. वर्षभर घोळवलेलं वाक्य एका दमात संपलं, पण बाई थांबेना. पडले तो दिवस, खालच्या नळावर भांडणाऱ्या बायकांचे नुसते आवाज, कुणी मेलं तरी वरूनच हात जोडणं. तनयाचे डोळे भरले.

"आम्ही नुसते शिकतोय, मावशी. आमच्या हातात काही नाही. आशा लावायची नाही, मध्ये पडायचं नाही, असं गिरिधर सरांनी बजावलंय."

"कागदावर घेऊ नकोस. सरांनाही सांगू नकोस," कृष्णवेणी म्हणाली. "ही खुर्ची आहे, हा मुलगा आहे. आणखी दोघांना बोलाव. मला खाली ने."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. सिद्धार्थ पेला ठेवून उठला आणि मुलं बोलवायला गेला.

प्लास्टिकच्या खुर्चीत बसून कृष्णवेणीची स्वारी निघाली. जिना अरुंद, वळणावर खुर्ची कलली की ती एका पोराच्या गळ्याला मिठी मारून "रामा रामा" म्हणायची. दारादारांतून बायका बाहेर आल्या. "नवरी निघाली गं!" कुणीतरी तमिळमध्ये ओरडलं. कृष्णवेणी हसली, आणि हसता हसता रडू लागली.

खाली ऊन होतं. केळ्यांची गाडी, शेळ्या, नळावर रांगेतल्या रंगीत घागरी. आवाज सगळे ओळखीचे, चेहरे मात्र ती आज पहिल्यांदा बघत होती. तिने प्रत्येकीला नाव विचारलं. एकीने केळं दिलं, ते तिने सालासकट हातात धरून ठेवलं.

बसचा भोंगा वाजला. मुलं धावत आली आणि खुर्चीला चहूबाजूंनी हात लावले.

"चला मावशी, वर सोडतो."

"नको."

"काका रात्री येणार. एकटे कसे नेतील? आम्ही गेलो की..."

"तुम्ही जा. मी बसूलेय."

"मावशी, ऐका ना!" तनया अगदी काकुळतीला आली.

कृष्णवेणीने खुर्चीचे दांडे असे आवळले की बोटं पांढरी पडली. सर बसमधून हाका मारत होते. शेवटी मुलांनी हात काढले. बस फाटकाबाहेर जाईपर्यंत तनया मागच्या काचेतून बघत होती.

उन्हं उतरली. घागरी भरल्या तशा बायका एकेक करून वर गेल्या. शेवटचीने जाता जाता विचारलं, "वर कशी जाणार गं?"

"बघू," कृष्णवेणी म्हणाली, आणि तिने अनवाणी तळपाय मातीत आणखी थोडे रुतवले.