कोरडं कपाळ

“रूपा, मागं काहून राहून राहिली? चल लवकर!” देवलाबाबा थांबून ओरडले.

मागं कोणीच नव्हतं. कळमनुरीकडून आलेला डांबरी रस्ता तेवढा उन्हात हलत होता. मिराबाई चालता चालता थबकली. रूपाबाई म्हणजे बाबांची बायको. ती केव्हाच वारली, हे त्यांनीच तिला पहिल्या मुक्कामाला सांगितलं होतं.

रामनवमीसाठी पोहरादेवीला पायी निघालेली ही माणसं वेगवेगळ्या तांड्यांवरची. वारंगा फाट्यावर जमली तेव्हा कोणी कोणाला ओळखत नव्हतं. मग एकमेकांच्या फडक्यातल्या भाकरी खाल्ल्या, एकमेकींच्या पायाच्या फोडांना तेल लावलं, आणि परकेपण गळून गेलं. नवरा गेल्यापासून मिराबाईला ‘जेवली का गं?’ असं विचारणारं कोणी उरलं नव्हतं. बाबा रोज विचारायचे. आज मात्र त्यांनी विचारलं नव्हतं.

तिनं त्यांच्या कपाळावर हात ठेवला. तव्यासारखं तापलेलं, आणि घामाचा टिपूस नाही. हळद काढताना वावरात पडलेल्या नवऱ्याचं अंग असंच लागलं होतं तिच्या हाताला.

“देविदासभाऊ, थांबा! बाबाचं काई बराबर न्हाई.”

झेंडा घेऊन पुढं चाललेला देविदास वळला. “देवीच्या नादात हायेत ते. पुढच्या गावात सावली हाय. इथं उन्हात बसलो तर सगळेच पडू.”

“देवीचं न्हाई, मेलेल्या बायकोचं नाव घेऊन राहिलेत!”

पावलं तशीच पुढं पडत राहिली. बाबा भेलकांडत रस्त्याच्या मधोमध जाऊ लागले, तशी मिराबाईनं त्यांना ओढून कडेला बसवलं आणि शेजारी फतकल मारली.

“जा तुमी. मी न्हाई येत.”

आधी बायांमधली शिला परतली. तिनं आपली ओढणी बाबांवर धरली. मग दुसरी आली, तिसरी आली. बघता बघता ओढण्यांचं छप्पर झालं. प्यायचं होतं नव्हतं ते पाणी सगळ्यांनी बाबांच्या अंगावर ओतलं. पुढं पाणी कुठं मिळेल, हे कोणी विचारलं नाही. देविदासनं झेंडा बाभळीला टेकवला आणि समोरून येणाऱ्या टेम्पोला हात पसरून आडवा गेला.

दवाखान्यात दुपार कलताना सिस्टर बाहेर आली. तिचा चेहरा पाहूनच मिराबाई समजली, बाबा गेले.

“नातेवाईक कोण आहेत?”

बाबांचा मुलगा लांब ऊसतोडीला होता, त्याचा फोन लागत नव्हता. व्हरांड्यात टेकलेली सगळी माणसं उठून उभी राहिली.

“सगळेच?”

“व्हय,” देविदास म्हणाला. मग तो तिच्याकडं वळला. “मिराबाई, तुजं ऐकलं असतं तर…”

“चला आता. बाबाला घरी न्यायचंय,” ती म्हणाली.

त्या वर्षी त्यांच्यातलं कोणी देवीपर्यंत गेलं नाही. टेम्पो बाबांच्या तांड्याकडं निघाला. मिराबाईनं त्यांचं डोकं मांडीवर घेतलं होतं. खड्डा आला की लागू नये म्हणून ती दोन्ही तळव्यांनी ते हळूच उचलून धरत होती.