कागद पडेपर्यंत

गुरुवार उजाडला की बबडीचं पोट दुखायला लागायचं. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, जीभ पाहिली आणि शेवटी बबडीला सोडून तिच्या आईलाच विचारलं, "गुरुवारी शाळेत काय असतं?"

शाळेत काहीच नसायचं. शाळा सुटल्यावर चार वाजता व्हायोलिनचा तास असायचा.

शिकवणाऱ्या बाई फार मोठ्या वादक. एकेकाळी त्यांचा कार्यक्रम असला की जागा संपून लोक सभागृहाच्या पायऱ्यांवर बसत. पुढं खांदा दुखायला लागला, रंगमंच सुटला, आणि तिथला सगळा जोर त्यांनी शिकवण्यात ओतला. शिकवताना त्यांच्या तोंडात एकच शब्द असे : नाही. ओरडून नव्हे की चिडूनही नव्हे. दुकानदार "साखर संपली" म्हणतो ना, तितक्या कोरडेपणानं. बाहेर व्हरांड्यात बाकावर ताटकळणाऱ्या पालकांनी त्यांचं नावच पाडलं होतं, नाहीबाई.

"माझ्या नातीनं पहिल्या महिन्यात चारशे वेळा ऐकलं असेल," बाकावरचे आजोबा सांगायचे. त्यांची नात बबडीच्या पुढच्या तासाला यायची. "आमची ही चाळीस वर्षांच्या संसारात एवढ्या वेळा 'नाही' म्हणाली नाही मला. आणि तिच्याकडे कारणं भरपूर होती."

बबडी नऊ वर्षांची. शाळेतल्या संगीताच्या सरांनी तिच्या व्हायोलिनच्या काळ्या पट्टीवर चार रंगीत चिकटपट्ट्या लावून दिल्या होत्या. बोट कुठं ठेवायचं ते कळावं म्हणून. नाहीबाईंनी पहिल्याच दिवशी त्या नखानं सोलून काढल्या आणि उरलेला डिंक स्पिरिटनं पुसला.

"बोट कुठं ठेवायचं ते डोळ्यांना विचारायचं नाही," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी स्वतःचं व्हायोलिन टेबलावर आडवं ठेवलं. कागदाचा बोटभर तुकडा दुमडून छपरासारखा केला आणि व्हायोलिनच्या तिसऱ्या तारेवर अलगद बसवला. म्हणाल्या, "तू तुझ्या दुसऱ्या तारेवर तिसरं बोट ठेवून वाजव. स्वर बरोबर लागला तर माझी तार आपोआप हलेल आणि कागद पडेल. केसभर चुकला तरी पडणार नाही. कागदाची आणि माझी ओळख नाही आणि तुझीही नाही. तो कुणाची भीड ठेवत नाही."

त्या दिवशी तासभर कागद तारेवर बसून होता. पुढच्या गुरुवारीही. पाचव्या गुरुवारी तो किंचित शहारला, तेव्हा कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलेल्या आईच्या तोंडून "अय्या" निघून गेलं.

"तुम्ही," बाई मागं न वळता म्हणाल्या, "हात मांडीवर आणि मान सरळ. तुम्ही मान हलवलीत की ती कागदाकडे बघत नाही, तुमच्याकडे बघते."

तेव्हापासून आई त्या स्टुलावर फोटो काढायला बसल्यासारखी बसायची. पण डोळ्यांना कोण आवरणार? लेकीच्या मानेवरचा घाम, आतून चावून धरलेला गाल, उजव्या हाताच्या कुरतडलेल्या नखाभोवतीचं लाल वर्तुळ, सगळं तिला दिसायचं. तिची स्वतःची नखंही अलीकडे तशीच दिसायला लागली होती.

"अगं, वाद्य शिकवतात की जन्मठेप देतात?" बबडीच्या बाबांनी एकदा वैतागून विचारलं. "सोडून द्या. पोर वाळत चाललीय."

सोडून द्यायचं आईच्या मनात आलं नव्हतं असं थोडंच होतं! एकदा तिनं हळूच विचारूनही पाहिलं होतं, "बबडे, नको जाऊया का आता?"  पेटी उचलून बबडी जेवणाच्या टेबलाखाली शिरली आणि पेटीला कवटाळून दोन तास तिथंच बसली. वरण-भात खाली सरकवला, तर ताटली तशीच परत आली.

खरी गोम तिथंच होती. ही पोर लहानपणापासून घुमी. वर्गात तिच्या तोंडून शब्द काढायचा तर चिमटा लावावा लागे. शिक्षिकांनी प्रगतिपुस्तकात तीन वर्षं ओळीनं 'अबोल' लिहिलं होतं. आणि व्हायोलिन आल्यापासून ती दात घासताना गुणगुणायला लागली होती. एकदा तर रिक्षाच्या हॉर्नला "आई, हा आपल्या कुकरच्या शिट्टीच्या थोडासा खाली आहे" असं म्हणाली. एका दमात एवढे शब्द! आईनं ते वाक्य डायरीत तारीख घालून लिहून ठेवलं होतं. हे सुटलं तर पोर पुन्हा मिटणार, आणि चालू ठेवलं तर दर गुरुवारी अशीच कणाकणानं झिजणार. आईच्या जिवाला दोन्हीकडून घोर.

बाईंचा नियम ठरलेला होता. सहा महिने बघायचं, मग एक परीक्षा. उतरलं तर पुढं शिकवायचं, नाही तर येऊ नका. पुन्हा संधी नाही, वशिला नाही.

परीक्षेला तीन आठवडे उरले तेव्हा कागद एकूण दोनदा पडला होता. त्यातला एकदा पंख्याच्या वाऱ्यानं.

त्या रविवारी दुपारी बबडीचे बाबा घोरत असताना आई लेकीला घेऊन मागच्या खोलीत बसली. मोबाइलवर तिनं स्वर मोजणारं ॲप घेतलं होतं. काटा बरोबर मध्ये आला की पडदा हिरवा व्हायचा. बबडीनं बोट सरकवत सरकवत वाजवायचं, हिरवं झालं की "थांब!" आणि आईनं तिथं शिसपेन्सिलीचा ठिपका द्यायचा. काळ्या पट्टीवर शिसं समोरून दिसत नाही, वाजवणाऱ्यानं वरून बघितलं तरच बारीकसं चमकतं, हे तिनं आधी स्वतः हनुवटीखाली व्हायोलिन धरून तपासून घेतलं होतं. एवढी अक्कल कॉलेजात लावली असती तर सुवर्णपदक मिळालं असतं, असं तिला वाटलं आणि लगेच लाजही वाटली.

"हे आपल्या दोघींत हं," ती म्हणाली. "ठिपक्यावर बोट ठेवलं की कध्धी चुकायचं नाही."

बबडीनं ठिपक्यांकडे बघितलं, मग आईकडे. मान डोलावली.

पुढच्या गुरुवारी कागद चौथ्या खेपेला पडला. त्याच्या पुढच्या गुरुवारी दुसऱ्याच खेपेला. बाई 'नाही' म्हणाल्या नाहीत. नुसतं "हं" म्हणाल्या आणि पहिल्यांदाच मागं वळून स्टुलाकडे एक नजर टाकली. आईनं मान सरळ ठेवली. बबडीचं पोट दुखायचं थांबलं. घरी बाबा म्हणाले, "बघ, उगाच घाबरत होतीस." आईनं त्या दिवशी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

परीक्षेच्या गुरुवारी त्या दोघी वीस मिनिटं आधीच पोचल्या. बबडी खिडकीशी उभी राहून काचेवर बोटं चालवत होती. आजोबा आज नातीला घेऊन लवकर आले होते.

"आज परीक्षा ना? घाबरायचं नाही," ते आईला म्हणाले. "युक्ती एकच आहे. आमच्या नातीच्या वेळी आम्हाला कुणी सांगितली नव्हती, म्हणून तुम्हाला सांगतो. पाठ करून वळतील आणि तारा लावायच्या निमित्तानं दुसरी तार जराशी उतरवतील. जराशीच. पोरांना सांगत नाहीत. मग बोटाची रोजची जागा चालत नाही. ऐकून बोट पुढं सरकवावं लागतं. ज्याला ऐकू येतं तो सरकवतो. दहा 'नाही' झाले की पेटी बंद करायला सांगतात."

 आईला धरायला बाकाची कड सापडेना.

"काय हो? बरं वाटत नाही का?"

"नाही... म्हणजे, हो."

बबडीकडे जाऊन सांगावं म्हणून ती उठली. काय सांगायचं? ठिपके खोटे आहेत, एवढंच. तीन शब्द. ती खिडकीपर्यंत पोचायच्या आत दार उघडलं. "या," बाई म्हणाल्या, आणि बबडी पेटी घेऊन आत गेलीसुद्धा.

आई स्टुलावर बसली. हात मांडीवर, मान सरळ. 

बाईंनी बबडीचं व्हायोलिन हातात घेतलं, पाठ केली, खुंट्या पिळल्या. एक बारीक कुरकुर झाली. वळून त्यांनी ते बबडीच्या हनुवटीखाली दिलं. टेबलावरच्या स्वतःच्या व्हायोलिनच्या तारेवर कागदाचं छप्पर बसवलं.

"दुसरी तार. तिसरं बोट. कागद पाड."

बबडीनं डोळे खाली केले, बोट ठिपक्यावर टेकवलं, गज ओढला.

आईला स्वरातलं काही कळत नव्हतं. पण सहा महिने त्या खोलीत बसून एवढं कळायला लागलं होतं की हा स्वर भिजलेल्या कापडासारखा लोंबतोय.

"नाही."

बबडीनं बोट उचललं, पुन्हा ठिपक्यावर ठेवलं, नीट, बरोबर मधोमध.

"नाही."

तिसऱ्यांदा तिनं गज जोरात ओढला. कागद बसलेलाच. चौथ्यांदा तिच्या कपाळावर आठी पडली. बोट ठिपक्यावरून किंचित पुढं गेलं, आणि तिनं चटका बसल्यासारखं ते मागं आणलं. आईनं ते पाहिलं.

"नाही."

पाच. सहा. बबडीची हनुवटी थरथरायला लागली आणि हनुवटीखालचं लाकूडही. तिनं एकदा स्टुलाकडे पाहिलं. आजवर तिनं कधीच असं पाहिलं नव्हतं. रस्त्यात हात सुटलेलं मूल गर्दीत बघतं तसं. आईची मान सरळ होती. मांडीवरचे हात तिचे तिलाच दुसऱ्या कुणाचे तरी वाटत होते. मान हलवली तरी पोर गेली, नाही हलवली तरी गेली.

"नाही," बाई म्हणाल्या. सात.

आई उठली. स्टूल मागं पडलं.

"ठिपके बघू नकोस, बबडे! ते खोटे आहेत. तार उतरवलीय." आणि मग बाईंकडे, श्वास न घेता, "मी काढलेत पेन्सिलीनं. तिचा काही दोष नाही. मला काढा हवं तर, तिला काढू नका. पाया पडते मी तुमच्या, ती बोलत नाही हो, कुणाशीच बोलत नाही, एवढं एकच..."

"मला माहीत आहे," बाई म्हणाल्या. "तार लावताना दिसतात मला. आज तिसरा गुरुवार."



"मग... बोलला का नाहीत?"

"मी मुलीच्या बोलण्याची वाट बघत होते." बाईंनी दार उघडलं. "तुम्ही बाहेर बसा."

"पण परीक्षा—"

"चालू आहे. बाहेर."

दार बंद झालं. आजोबा बाकावर सरकून बसले. त्यांनी काही विचारलं नाही, हीच त्यांची मेहेरबानी. त्यांची नात चपलेचा पट्टा लावत-काढत होती.

आतून स्वर आला. मग, "नाही." आठ.

पुन्हा स्वर, जरा वेगळा, जरा वर.  "नाही." नऊ.

मग काहीच नाही. ना स्वर, ना शब्द. आईनं दाराला कान लावला. पेटी बंद झाली की दोन खटके वाजतात. ते वाजतायत का हे ती ऐकत होती. तेवढं ऐकू आलं की संपलं. तिनं मनातल्या मनात उद्याची बबडी बघितली, परवाची बघितली, टेबलाखालची बघितली.

एक स्वर आला. लांब. गजाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि परत.

कागद पडतो तेव्हा आवाज होत नाही. आईला कळायला मार्गच नव्हता. ती दाराशी तशीच वाकून उभी राहिली.

दोन खटके वाजले. आई दारापासून मागं सरली.

दार उघडलं. बबडी पेटी घेऊन बाहेर आली, मागं बाई.

"पुढच्या गुरुवारी चार वाजता," बाई म्हणाल्या. आईच्या तोंडून आवाज फुटायच्या आत त्यांनी पुढचं सांगून टाकलं, "एकटी. तुम्ही दारापर्यंत आणा. आत स्टूल नसेल." आणि आजोबांच्या नातीकडे वळून, "चल."

जिना उतरताना आईनं बबडीला पोटाशी धरायला हात पुढं केला, पण मध्ये पेटी होती.

"पडला? कागद पडला?"

"पडला."

"बोट पुढं सरकवलंस?"

"हो. एवढंसं." बबडीनं अंगठा आणि बोट जवळ आणून दाखवलं. बोटांच्या शेंड्यांवर शिसं लागलं होतं.

"कळलं तुला? मी 'तार उतरवलीय' म्हटल्यावर कळलं?"

"नाही," बबडी म्हणाली. बाई म्हणतात अगदी तसंच. "पहिल्यापासून कळत होतं. पहिल्यांदा वाजवलं तेव्हाच चुकीचं ऐकू आलं मला."

आई जिन्यात थांबली. "मग सात वेळा तिथंच का ठेवलंस गं बोट?"

बबडीला प्रश्नच समजला नाही बहुतेक. शाळेत नऊचा पाढा म्हणून दाखवावा तशी ती सरळ आवाजात म्हणाली, "तूच म्हणालीस ना. ठिपक्यावर ठेवलं की चुकायचं नाही. मला वाटलं माझे कान बिघडले."

आई मटकन पायरीवर बसली. वरच्या मजल्यावरून, बंद दारातून, दुसऱ्याच कुणाच्या तरी मुलीला म्हटलेलं 'नाही' खाली आलं.

"आई, ऊठ ना," बबडी म्हणाली. "लोक येतात-जातात इथं." तिनं पेटी सावरून धरली, आणि आईला धरून उठवण्यासाठी तो काळ्या शेंड्यांचा हात पुढं केला.