एक तास वीस मिनिटं

आमच्या ऑफिसात मला सगळे नकाशावाली म्हणतात. विमानाची तिकिटं काढून देण्याच्या या कामात मला सव्वीस वर्षं झाली. पहिल्यांदाच लांबच्या प्रवासाला निघालेलं म्हातारं माणूस समोर आलं, की मी तिकिटाबरोबर त्याला मधल्या विमानतळाचा नकाशा हाताने काढून देते. उतरल्यावर कुठे वळायचं, लिफ्ट कुठे, बाथरूम कुठे, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे लोकांच्या मागे मागे कुठे जायचं नाही. नवखा माणूस हमखास तिथेच फसतो. गर्दी निघालेली असते आपलं सामान घेऊन शहरात जायला, हा बापडा तिच्यामागून दाराबाहेर पडतो आणि तिकडे त्याचं पुढचं विमान निघून जातं. ती जागा मी लाल पेनाने खोडून ठेवते.

यातला एकही विमानतळ मी पाहिलेला नाही. जाऊन आलेली माणसं सांगतात, मी खोदून खोदून विचारते आणि वहीत टिपून ठेवते. मालक म्हणतात, "तुला डोळे बांधून तिथे सोडलं तरी तू बरोबर गेटवर पोचशील." सोडतंय कोण!

एका सोमवारी धाकटीचा फोन आला. धाकटी म्हणजे माझी बहीण. बारा वर्षांपूर्वी नोकरीसाठी जगाच्या पार दुसऱ्या टोकाला गेली आणि तिथलीच झाली. आता तिने घर घेतलं होतं आणि आईला बोलावलं होतं.

"ताई, तिकीट तूच काढ. यायची तारीख मात्र उघडी ठेव. आई रमली तर कशाला घाई करायची?"

रमली तर. हे दोन शब्द दिवसभर माझ्या डोक्यातून जाईनात. आई चौदा वर्षं माझ्याकडे राहतेय. बाबा गेल्यावर एक बॅग आणि शिवणाचं मशीन घेऊन आली ती कायमची. तिची औषधं मला पाठ आहेत, तिचा चष्मा कुठे सापडेल ते तिच्या आधी मला कळतं. पण रविवारी धाकटीचा व्हिडिओ कॉल यायचा असला, की बाई अर्धा तास आधी केस विंचरून, पावडर लावून तयार. मी रोज संध्याकाळी घरी येते तेव्हा दार उघडते ओल्या हातांनी आणि म्हणते, "आलीस? गॅस संपलाय." धाकटीला ती स्वप्नात काय पाहिलं ते सांगते. मला चौदा वर्षांत एकही स्वप्न सांगितलेलं नाही.

माझ्या पोटात दुखत होतं, सरळ सांगते. एकोणपन्नास वर्षांची बाई मी, पण धाकटीचं नाव निघालं की मी नऊ वर्षांची होते.

एवढ्या लांब थेट विमान जात नाही, मध्ये बदलावं लागतं. दोन रस्ते होते. एक छोट्या विमानतळावरून. एकच इमारत, उतरलं की त्याच मजल्यावर पुढचं गेट, मध्ये साडेपाच तास. पाय पसरून बसावं, डुलकी काढावी, हवं ते प्यावं. दुसरा मोठ्या विमानतळावरून. तिथे उतरायचं एका टर्मिनलला, पुढचं विमान तिसऱ्या टर्मिनलला. मध्ये दोन सरकते जिने, एक आतली ट्रेन, पुन्हा एकदा सामान तपासणी, आणि हातात वेळ एक तास वीस मिनिटं. नियमाप्रमाणे एवढा वेळ पुरतो म्हणून कॉम्प्युटर तिकीट देतो. मी मात्र सत्तरीच्या पुढच्या गिऱ्हाइकाला ते आजवर कधी दिलेलं नाही.

धाकटीने दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन केला. "मी इथे चार जणांना विचारलं गं. सगळे म्हणतात छोटा विमानतळ बरा."

झालं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सव्वीस वर्षं मी हे काम करतेय आणि ही चार जणांना विचारून मला शिकवतेय.

"तुझ्या चार जणांना काय कळतं?" मी म्हणाले. "छोट्यावर म्हाताऱ्या माणसांची काही सोय नाही. मोठाच बरा."

"बरं बाई, तू म्हणशील तसं. तुझ्याइतकं कुणाला कळतंय!"

आणि मी मोठा घेतला. रागाच्या भरात घेतला असं म्हणायला मला आवडेल, पण तसं नव्हतं. मी शांतपणे, चहा पिऊन, बटण दाबलं. मला पक्कं ठाऊक होतं की आई विमानतळावर मिळणाऱ्या व्हीलचेअरला नाही म्हणणार. "मी काय पांगळी आहे?" हे तिचं ठरलेलं उत्तर. मग मी नकाशा काढून दाखवणार, ते जिने, ती ट्रेन, ती अकरा वळणं, आणि आई घाबरून म्हणणार, "नको गं बाई, मी आपली इथेच बरी." कुणी कुणाला अडवलं असं होणार नाही. मी वाईट ठरणार नाही. धाकटी रडेल, मी तिची समजूत घालेन. ते समजूत घालणंसुद्धा मी मनातल्या मनात दोनदा करून पाहिलं होतं.

मालकांनी प्रिंटरमधून कागद उचलला आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "त्र्याहत्तर वय, आणि एक तास वीस? हे कुणाला दिलंस?"

"घरचंच आहे," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं आणि कागद माझ्या टेबलावर ठेवला. "गिऱ्हाइकाला दिलं असतंस तर झापलं असतं तुला."

त्या संध्याकाळी मी आईसमोर नकाशा ठेवला. आजवर काढलेल्यातला सगळ्यात भयंकर नकाशा होता तो. खोटं त्यात काहीच नव्हतं, पण एरवी मी जिथे छोटा बाण काढते तिथे मी लांबलचक रस्ता काढला होता, आणि लाल पेन तर सढळ हाताने वापरलं होतं.

आईने चष्मा लावला. बोट ठेवून सगळी वळणं मोजली. मी वाट बघत होते.

"ट्रेनला तिकीट लागतं का गं?" तिने विचारलं.

"नाही."

"मग बरंय," असं म्हणून तिने कागदाची घडी घातली आणि ब्लाउजमध्ये ठेवून दिली.

पुढचे आठ-दहा दिवस ती खुशीत होती. मी विचारलं की म्हणायची, "होईल गं." मला वाटलं, अजून डोक्यात शिरलं नाहीये, जायचा दिवस जवळ आला की घाबरेल.

एका गुरुवारी माझं डोकं दुखत होतं म्हणून मी दुपारीच घरी आले. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. जिन्याच्या तोंडाशी पोचले तर वरून आईचा आवाज आला, "ट्रेन आली! उतरले! आता डावीकडे!" मी मागोमाग चढले आणि बघतच राहिले. आई खांद्याला प्रवासाची बॅग अडकवून, हातात माझा नकाशा धरून जिना चढत होती. झपाझपा. दुसऱ्या मजल्यावरची शेजारीण आपल्या दारात कमरेवर हात ठेवून उभी होती.

"आजी, बॅग दाखवा," शेजारीण म्हणाली. "बाटली चालणार नाही. काढा ती."

आईने निमूटपणे पाण्याची बाटली काढून तिच्या हातात दिली. "बूट काढू?"

"काढा. आणि पटपट. मागे लाइन आहे."

दोघी खदाखदा हसल्या. मग आईने मला पाहिलं. "तायडे! बरी आलीस. घड्याळ लाव. काल बावीस मिनिटं लागली होती, आज एकोणिसात बसवतेय बघ."

"रोज चाललंय हे?" मी शेजारणीला विचारलं.

"रोज दोनदा," ती कौतुकाने म्हणाली. "खालच्या गेटपासून गच्चीपर्यंत. तुमचा नकाशा आता मलासुद्धा पाठ झालाय."

शेजारणीला कौतुक वाटत होतं. माझा नुसता जळफळाट झाला. माझ्याबरोबर कोपऱ्यावरच्या दुकानात चल म्हटलं तरी हिचा गुडघा दुखतो. आणि धाकटीसाठी ही त्र्याहत्तराव्या वर्षी जिने पळत चढतेय! माझ्यासाठी कधी इतकी धावलीस का, असं मला तिथेच, शेजारणीच्या देखत विचारावंसं वाटलं. मी तडक घरात गेले आणि कपाटाचं दार आपटलं.

शनिवारी सकाळी आई पलंगावरून उठलीच नाही. उजवा गुडघा सुजून टम्म झाला होता. पाय टेकवत नव्हता. डॉक्टरांनी घरी येऊन पट्टी बांधली, गोळ्या दिल्या. "दहा दिवस आराम. आणि जिने बंद म्हणजे बंद," असं बजावून गेले. विमान बाराव्या दिवशी होतं.

म्हणजे मला हवं होतं तेच झालं होतं. मी बर्फाची पिशवी घेऊन तिच्या पायाशी बसले होते आणि मला शरम वाटत होती. पण खरं सांगायचं तर शरमेच्या खाली कुठेतरी थोडं बरंही वाटत होतं.

"धाकटीला सांगू नकोस," आई म्हणाली. "काळजी करेल, तिकीट रद्द करायला लावेल. दहा दिवसांत होईन मी बरी. पण तायडे, एकोणीस मिनिटांत आता नाही गं जमायचं. पंचवीस धर. पंचवीस चालतील ना?"

तिने हे इतक्या अजिजीने विचारलं की माझ्याच्याने राहवलं नाही.

"दुसरा विमानतळ आहे," मी म्हणाले. "छोटा. एकच मजला. साडेपाच तास मिळतात. कुठे पळायला लागत नाही."

"आता सुरू झाला का?"

"नाही. पहिल्यापासून आहे."

आई पट्टीकडे बघत राहिली. मग माझ्याकडे. "तुला माहीत होता?"

"हो."

"मग मला हा का दिलास?"

"तू घाबरावंस म्हणून. तू जाऊ नयेस म्हणून." बोलता बोलता माझा आवाज चढला. "तुझं सगळं मी करायचं आणि तू पावडर लावायची ती तिच्यासाठी! तिथे गेलीस आणि रमलीस तर? परत आलीच नाहीस तर?"

मला वाटलं ती रागावेल, किंवा जवळ घेईल, किंवा म्हणेल, वेडी कुठली, येणार नाही तर जाणार कुठे. तिने यातलं काहीच केलं नाही. तिने पिशवी गुडघ्यावरून थोडी सरकवली.

"परत येईन की नाही ते मला आत्ता कसं सांगता येईल?" ती म्हणाली. "मी तिचं घर पाहिलेलंच नाही. पण तू जाऊ नकोस म्हणालीस तर मी जाणार नाही. तेवढं मी तुझ्यासाठी करेन, आणि तिला कारणही कळू देणार नाही. मात्र तोंडाने म्हण. नकाशे काढू नकोस."

मी बर्फाची पिशवी पुन्हा तिच्या गुडघ्यावर नीट ठेवली.

"म्हण," आई म्हणाली. "मी थांबलेय."

तिने खरोखर हात मांडीवर ठेवले आणि ती थांबली. शब्द माझ्या अगदी जिभेवर आले होते. आयुष्यात पहिल्यांदा धाकटी की मी, हे ठरवणं कुणीतरी माझ्या हातात दिलं होतं. मी नुसतं तोंड उघडायचं होतं. तिच्या चेहऱ्यावर रुसवा नव्हता, आणि ती मला गोंजारतही नव्हती. ती फक्त वाट बघत होती, आणि बघता बघता तिचा अंगठा हातातल्या नकाशाच्या घडीवरून फिरत होता.

मी उठले. बॅगेतून लॅपटॉप काढला, तिच्या पलंगाच्या कडेला बसून तिकीट उघडलं आणि विमानतळ बदलला. व्हीलचेअरही टाकली. या वेळी "मी काय पांगळी आहे?" आलं नाही. मग स्क्रीनवर सीटचे चौकोन आले.

"खिडकीची हवी की बाहेरची?" मी विचारलं.

"खिडकीची," आई म्हणाली. तिने क्षणभरही विचार केला नाही.

गुडघा असा असताना बाहेरची सीट बरी, हे मी गिऱ्हाइकाला दहा वेळा समजावून सांगितलं असतं. मी तिला खिडकीची दिली.